टोकाची टोपणं

"फवारा घेऊनच ये," असं आक्कानं फोनवर सांगितलं होतं, म्हणून भागवत ट्रॅक्टरला फवारा जोडूनच बहिणीच्या शेतात आला. कपाशीची पानं आखडून बेडकाच्या पंजासारखी झाली होती.

"कसला रोग म्हणायचा रे हा?" आक्कानं विचारलं.

तो बांधावरून एकेक ओळ बघत गेला. रोग असता तर कुठंही पसरला असता. इथं फवाऱ्याचे दोन्ही बाजूंना पसरणारे नळ्यांचे हात जिथं संपत होते, नेमक्या तिथल्याच ओळी प्रत्येक फेरीला वाकड्या झाल्या होत्या. आता त्यांच्या लगतच्या ओळींचे शेंडेही वळायला लागले होते.

गेल्या खेपेला इथं फवारायला येण्याआधी त्यानं दुसऱ्याच्या उसात तणनाशक मारलं होतं; त्याचा थेंबही कपाशीला सोसत नाही. नंतर टाकी धुतली, गाळण्या धुतल्या, नळ्यांतून साबणाचं पाणी सोडलं. हातांच्या टोकाची टोपणं तेवढी घट्ट बसली होती. परक्याचं रान असतं तर त्यानं पान्हा आणून ती उघडली असती, आत साचलेलं काढलं असतं. पण काम आक्काचं, म्हणजे घरचंच. तो तसाच निघाला होता.

दाजी गेल्यावर आक्कानं एकटीनं केलेलं हे पहिलंच पीक.

"दुसरं औषध असंल तर तूच मार बाबा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

तिनं मोटर चालू केली आणि पाइप ओढत आणून त्याच्या टाकीत सोडला. भागवतला टोपणांचं सांगायचं होतं. टाकी काठोकाठ भरली, तसं त्यानं तिचं झाकण लावलं.