दुर्बीण जरा मागे

चंपतरावांना दुर्बिणीतून लक्ष्याऐवजी एक काळी चंद्रकोर दिसत होती. मान मागे ओढली की चंद्रकोर जायची, पण मग गाल उशीवरून सुटायचा आणि रायफल डुलायला लागायची. सतरंजीवर पालथे पडलेले चंपतराव कासवासारखे मान आत-बाहेर करत होते. शेवटी वैतागून त्यांनी चाप ओढला. गोळी कुठे गेली ते त्या गोळीलाच ठाऊक. समोरचा कागद कोराच राहिला.

नागपूरच्या रायफल क्लबात आज निवड होती. पुण्याच्या स्पर्धेला जाणाऱ्या संघात एकच जागा उरली होती आणि ती यंदा तरी आपल्याला मिळावी म्हणून चंपतराव जिवाचं रान करत होते. दर वर्षी त्यांचं नाव राखीवमध्ये पडायचं. राखीव म्हणजे स्टेशनवर जाऊन संघाला हार घालायचे आणि गाडी सुटली की कोराडीच्या बसमध्ये बसून घरी यायचं.

म्हणून तर त्यांनी थंडीभर ही जुनी पॉइंट टू-टू रायफल नटवली होती. खांद्याला टेकतो त्या दस्त्याला रबराची गादी, गालाखाली घोंगडीच्या तुकड्याची उशी, डाव्या हाताला आधार म्हणून चामड्याचा पट्टा आणि वर नवीकोरी दुर्बीण. ती डोळ्यापासून चार बोटं लांब हवी, हे त्यांना पाठ होतं. पण पालथं पडल्यावर आपलाच डोळा आणि दुर्बीण यांतलं अंतर माणसाला दिसणार कसं? चंपतराव कोराडीच्या वीज केंद्रात फोरमन होते. तिथली रीत त्यांच्या हाडीमासी खिळली होती. एकाने धरून बसायचं, फोरमनने बाजूने बघायचं आणि पाना फिरवायचा. घरी धरून बसायला त्यांच्या पत्नी सुभद्राबाई होत्या.

रोज संध्याकाळी क्वार्टरच्या व्हरांड्यात सुभद्राबाई पदर खोचून सतरंजीवर पालथ्या पडायच्या आणि रिकामी रायफल केंद्राच्या उंच चिमणीकडे रोखायच्या. चंपतराव स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्यांच्या भोवती फिरायचे.

"उशी टोचते का वं?"

"टोचत नाही. जरा उंच करा."

"पट्टा काचते का?"

"थोडा ढिला करा. हां, आता मस्त."

"अन् दुर्बीण?"

"जरा मागे घ्या."

फोरमनसाहेबांनी बायकोला पलटणीत भरती केलं, असं शेजारच्या शोभाताईंनी सगळ्या कॉलनीत पसरवून टाकलं. चंपतरावांनी तिकडे काणाडोळा केला. श्वास अर्धा सोडून धरायचा, चाप झटक्याने नाही तर हळूहळू ओढायचा, हेही ते मोठमोठ्याने घोकायचे. सगळं मनासारखं बसलं तेव्हा त्यांनी स्क्रू आवळले, आणि काही हलू नये म्हणून निवडीच्या दिवसापर्यंत रायफल गवसणीत बंद करून ठेवली. स्वतः एकदाही तिच्यामागे आडवे झाले नाहीत.

क्लबचे कप्तान मार्तंडराव, महाल भागातले निवृत्त प्राध्यापक, आता त्यांच्याजवळ उकिडवे बसले होते.

"चंपतराव, दुर्बीण तुमच्या डोळ्यात शिरायला आली आहे. उशी इतकी उंच, की नजर काचेच्या वरून जाते. पट्टा तुमच्या दंडाला पुरत नाही. अहो, हे सगळं कुणाच्या मापाचं बसवलंय?"

चंपतरावांनी मागे वळून पाहिलं. लिंबाच्या झाडाखाली सुभद्राबाई संत्रं सोलत बसल्या होत्या. चंपतराव सहा फुटी, आणि सुभद्राबाई त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हत्या.

मार्तंडराव हसून हसून बेजार झाले. "घाबरू नका. सगळं सोडवून तुमच्या मापाचं करा. तुमची पाळी शेवटी ठेवतो."

चंपतरावांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला. पण जुळवलेलं काम एकदा चालवून बघितल्याशिवाय खोलायचं, हे फोरमनच्या जिवावर येतं. त्यांनी बायकोला हाक मारली.

"इकडे ये वं. मारून पाह्य बरं एक डाव."

सुभद्राबाईंनी हात पदराला पुसले आणि त्या सतरंजीवर पडल्या. रायफल त्यांच्या अंगाला मापाच्या पोलक्यासारखी बसली. श्वास अर्धा सुटला आणि थांबला. पहिली गोळी काळ्या वर्तुळात गेली. दुसरीही तिथेच. पाच गोळ्या झाल्या तेव्हा सगळी छिद्रं एका लिंबाएवढ्या जागेत होती.

मार्तंडरावांचं हसू केव्हाच थांबलं होतं. "वहिनींना संघात घ्यायला आमची काही हरकत नाही," ते सावकाश म्हणाले. "पण जागा एक आणि तुमची रायफलही एकच. चंपतराव, तुम्हीच सांगा. स्क्रू ढिले करायचे का?"

चंपतरावांची इतक्या वर्षांची हौस होती, ती काय अशी सोडवते? त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. इतकी खुललेली सुभद्रा त्यांनी लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. आणि ते एकदम मोकळे हसले.

"राहू द्या, मार्तंडराव. हिचं नाव लिहा. हार घालायची आपल्याले प्रॅक्टिस आहे."

रायफल गवसणीत घालताना मात्र त्यांना राहवेना.

"काय वं, हे सारं तुह्या मापाचं होऊन राहिलं होतं, तुले समजलं नाही?"

"पहिल्याच दिवशी समजलं."

"मंग काहून नाही सांगितलं?"

सुभद्राबाईंनी त्यांच्याकडे न बघता गवसणीची नाडी बांधली.

"लगनाले इतके वर्षं झाले. 'टोचत तं नाही, बरोबर बसलं का,' असं रोज जवळ बसून कोणी विचारलं होतं मले? सांगितलं असतं, तं तुमी विचारणं बंद केलं असतं नं."