शेवटचा बस्ता

भंवरलालजींनी शेवटच्या बस्त्यावर कोपर टेकलं आणि चहा मागवला. आता ते हलणार नाहीत, हे अलकाला कळलं.

पाणीपुरवठा कचेरीच्या रेकॉर्ड रूममधले बाकी सगळे बस्ते सुटले होते. बस्ता म्हणजे लाल कापडात गच्च बांधलेलं फायलींचं गाठोडं. जयपुरातल्या कचेऱ्यांमध्ये त्याला हाच शब्द. दिल्लीला म्हणे आता कंप्यूटर येणार होता. इथे अलकानं लाकडी खण आणि कार्डं यांवरच भागवलं होतं. कागद पुठ्ठ्याच्या फोल्डरात, फोल्डर लोखंडी रॅकवर, आणि प्रत्येक फोल्डरचं एक कार्ड: विषय, क्रमांक, रॅक, कप्पा. खोलीबाहेर काहीही न्यायचं तर आधी चिठ्ठी भरायची. काय नेलं, कोणी नेलं, परत कधी. कॉलेजात कीटकांचे नमुने लावायची तिला सवय होती; त्या मानानं फायली गरीब. चिठ्ठ्यांना मात्र भंवरलालजी ‘बच्चों का खेल’ म्हणत.

उद्या सकाळी मोठे साहेब पाहायला येणार होते. काम पुरं दिसलं तर हीच पद्धत सगळ्या शाखांत जाणार होती. एक जरी बस्ता बांधलेला दिसला, तरी ‘जमत नाही’ असा शेरा पडून सगळं पुन्हा लाल कापडात.

“भंवरलालजी, एक ही तो रह गया.”

“रहने दो ना, बिटिया. एक तो निशानी रहे.”

“निशानी को नंबर कौनसा दूँ?”

“मत दो. हर चीज़ का नंबर होता है क्या?”

अलकाच्या मते होता. पण रेकॉर्डकीपर ते होते. त्यांच्या संमतीशिवाय गाठीला हात लावायची सोय नव्हती. आधीचे बस्ते सुटत होते तेव्हाही ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

तिनं फोन फिरवला. घरी फोन नव्हता. खालच्या मजल्यावरच्या मधुमतीकाकूंकडे होता.

“काकू, आईला सांगा, मला उशीर होईल. बस्ता अडलाय. भंवरलालजी ऐकत नाहीयेत. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी घरी येत नाही.”

“अगं बाई! पण—” काकू म्हणाल्या, आणि लाइन खरखरून तुटली.

चहा गार व्हायच्या आत दारात अलकाची आई, तारामतीबाई, उभ्या. अंगावर घरातलीच साडी, पायांत दोन वेगळ्या चपला. तिलक नगरहून ऑटो करून आल्या होत्या आणि ऑटोवाल्या भैयाला खाली थांबवून ठेवलं होतं.

“कोण तो भंवरलाल?”

भंवरलालजींनी बशी खाली ठेवली. “जी, मैं.”

तारामतीबाईंनी त्यांच्या पांढऱ्या मिशा पाहिल्या. मग लेकीकडे पाहिलं.

“अलके, अगं तुझ्या बाबांपेक्षा मोठा आहे गं हा!”

“आई, काय बोलतेस?”

“काय बोलू? बस्त्यापर्यंत मजल गेली, तो अडलासुद्धा, आणि आईला कळतंय शेजारणीकडून! निदान मुलाचा बाप आहे का हा, ते तरी सांग.”

अलकानं लाल गाठोड्याकडे बोट दाखवलं.

“आई, हा बस्ता. इथं याला बस्ता म्हणतात. आत नळजोडणीचे अर्ज आहेत.”

तारामतीबाई पुढे झाल्या. दुकानात साडीचा पोत बघावा तसं त्यांनी ते कापड चिमटीत धरून पाहिलं. मग समोरच्या स्टुलावर मटकन बसल्या आणि हसायला लागल्या. पदरानं डोळे पुसले तरी हसू थांबेना.

“क्या हुआ, माताजी?”

“अहो, हमारे में बस्ता मतलब शादी का कपडा. दोनों घर के लोग दुकान में जाके बैठते हैं. शालू, साड्या, सबका मानपान. फिर सब एक गठ्ठे में बांधते हैं. बस्ता बांधा, मतलब समझो लडकी चली ससुराल.”

भंवरलालजी बस्त्याची गाठ चाचपत राहिले. कपातल्या चहावर साय धरली.

“हमने तो उमर भर बस बाँधे, माताजी,” ते म्हणाले. “बिदा करने का सोचा ही नहीं.”

त्यांनी कोपर उचललं. गाठ जुनी होती. नखांनी सुटेना, तेव्हा त्यांनी दातांत धरून सैल केली.

“ससुराल कैसा है?”

“रॅक चार, कप्पा दो,” अलका म्हणाली. “हवादार है.”

अंधार पडायच्या आत शेवटचं कार्ड खणात गेलं. भंवरलालजींनी रिकामं लाल कापड झटकलं, त्याची नीट घडी घातली आणि तारामतीबाईंच्या हातात ठेवली.

“बिटिया का बाँधोगे, तब काम आएगा.”

खाली ऑटोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मायलेकी दारापाशी पोचल्या, तर भंवरलालजी चिठ्ठ्यांचं बुक घेऊन आडवे उभे.

“परची, बिटिया? कमरे के बाहर कुछ भी जाए, परची तो भरनी पडेगी.”

अलकानं मुकाट्यानं पेन काढलं. काय नेलं: लाल कापड, एक. कोणी नेलं: तारामतीबाई. ‘परत कधी’पाशी पेन थांबलं.

“दे इकडे,” आई म्हणाली. “तो रकाना माझा.”