मावशींची पसंती

कारखान्याच्या साहेबांनी कापड उचललं आणि टेबलावरची किटली मावशींनी पाहताक्षणी ओळखली. किटली त्यांच्या मुलाची होती.

राखाडी, गोल, वर आडवी मूठ. तिचा मातीचा नमुना हिवाळाभर मावशींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत होता. धक्का लागेल म्हणून त्यांनी ती खिडकीसुद्धा उघडली नव्हती. मुलाने नमुना बऱ्याच कारखान्यांकडे धाडला होता. त्यांत हाही कारखाना आहे, हे मात्र तो बोलला नव्हता. आईच्या वशिल्याने काही व्हायला नको, हा त्याचा ताठा. खिशात दमडी नसली तरी ताठा भरपूर होता.

"आई, ही शेवटची," सकाळीच तो म्हणाला होता. "हिलाही नकार आला की भावोजींच्या गोदामात खोकी बांधायला जातो."

"अरे, पण तुझे हात..."

"हातांचं काय? खोकी हातांनीच बांधतात."

आजवर त्याचं प्रत्येक काम परत आलं होतं. दिवे, खुर्च्या, फुलदाण्या. आता तो चिडतही नसे, आणि त्याचीच मावशींना भीती वाटे.

"बसा ना, मावशी," साहेब म्हणाले. "नेहमीसारखं. मनात येईल ते बोला."

कारखान्याची कुठलीही नवी वस्तू मावशींच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाजारात जात नसे. त्यांना न्यायला गाडी येई. त्या खोलीत शिरल्या की साहेब उठून उभे राहत आणि त्यांचा शब्द न् शब्द लिहून घेत. इतकं मन लावून मावशींचं आयुष्यात कुणी ऐकलं नव्हतं. नवऱ्याने तर नाहीच नाही. गल्लीत त्यांना पारखीबाई म्हणत, आणि त्याही 'छे हो, कुठलं काय' असं म्हणायच्या भानगडीत पडत नसत.

झाकणात घड्याळ बसवलेला डबा त्यांना फार आवडला होता. आरसा लावलेला पंखाही. या वस्तू पुढे दुकानात त्यांना कधी दिसल्या नाहीत. चांगला माल सगळा परदेशी जातो, असं त्या शेजारणीला समजावून सांगत. शेजारणीकडे मात्र मावशींनी नाक मुरडलेला साधा पांढरा जग होता. सगळ्यांकडेच होता. "माझं ऐकून सुधारला असणार," मावशी म्हणत.

आता त्यांनी किटली उचलली, पाणी ओतून पाहिलं, झाकण फिरवलं. मनात आलं ते एवढंच, की किती बोडकी आहे ही! ना फूल, ना वेल, ना सोनेरी कड. रंग तर चुलीतल्या राखेचा. पाहुण्यांपुढे ठेवली तर त्यांना वाटावं, घरावर नुकताच दरोडा पडलाय. दुसऱ्या कुणाची असती, तर मावशींनी तिथल्या तिथे तिची सालटी काढली असती.

या टेबलाशी त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. त्याचा त्यांना अभिमान होता. साहेब पेन उघडून वाट बघत होते, आणि मावशींच्या डोळ्यांपुढे पोराचे हात येत होते. नखांत माती भरलेले.

"छान आहे," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी मान वर केली. "छान?"

"फारच छान."

"रंग? मला वाटलं होतं, रंग तुम्हाला खटकेल."

"रंगाला काय झालंय? डोळ्यांना थंड वाटतो."

"थोडी फुलंबिलं हवी होती का?"

"इश्श! फुलं कशाला? किटलीत चहा करायचाय, बाग नाही."

साहेबांचा चेहरा काही खुलेना. त्यांना पटत नाहीये, हे मावशींना दिसलं आणि त्या घाबरल्या. एवढ्याशा कौतुकाने भागणार नव्हतं. किटली छातीशी धरून त्या म्हणाल्या, "साहेब, इतक्या वस्तू दाखवल्यात, पण अशी नाही हो पाहिली. उड्या पडतील लोकांच्या. मी स्वतः दोन घेणार, एक मला, एक लेकीला." बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. ते किटलीसाठी नव्हतं, पण पाणी पाण्यासारखंच दिसतं.

"नक्की ना, मावशी? काहीच वावगं नाही?"

"माझा शब्द आहे."

साहेबांनी पेन बंद केलं. नेहमीसारखे ते त्यांना खाली गाडीपर्यंत सोडायला आले, पण वाटेत फारसं बोलले नाहीत.

गाडीत मावशींना स्वतःची लाज वाटली, आणि आनंदही झाला. दोन्ही एकदमच. इतकी वर्षं मिळवलेला मान पोरासाठी पणाला लावला होता. लावला तर लावला, त्यांनी मनाशी म्हटलं. आईने नाही लावायचा, तर मग कुणी?

घरी मुलगा खिडकीपाशी बसून मातीकामाची हत्यारं जुन्या चादरीत बांधत होता.

"आवरू नकोस रे इतक्यात," मावशी म्हणाल्या.

"का?"

"उगाच. थांब म्हणते ना."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग हसला. त्याला हसताना पाहून किती दिवस झाले होते, ते मावशींनाही आठवेना. त्याने चादरीची गाठ सोडली आणि हत्यारं एकेक करून परत खिडकीत मांडली.

त्याच वेळी कारखान्यात साहेब ती किटली घेऊन थोरल्या साहेबांसमोर उभे होते.

"मला फार आशा होती हो हिच्याकडून," ते म्हणाले.

"नावं नाही ठेवली बाईंनी?"

"एकही नाही. रंगसुद्धा आवडला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

थोरल्या साहेबांनी किटली हातात घेतली, आडव्या मुठीवरून अंगठा फिरवला आणि ती बाजूला सारली.

"मग साचे मोडायला सांगा," ते म्हणाले. "त्या बाईंना आवडलेलं आजवर काहीही खपलेलं नाही."