प्रोग्रामच्या पोटात

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी भाचा दर रविवारी येऊ लागला. आमच्या पैठणीच्या नक्ष्या काढायचा प्रोग्राम त्यानंच केलेला. नेट गेलं की प्रोग्राम अडायचा, कारण त्याच्या काही फायली बाहेरून येत.

"मामा, त्या फायली आता प्रोग्रामच्या पोटातच भरतोय. मग मला बोलवायलाच नको."

मी अक्षरं पन्नाशीत शिकलो. त्याआधी न वाचता दिलेल्या अंगठ्यामुळे आजोबांची एक नक्षी व्यापाऱ्याची झाली होती. म्हणून मी म्हणालो, "काय भरलंस, वाचून दाखव."

"हे वाचलंत तर पुन्हा निरक्षर व्हाल!" तो हसला.

"नक्ष्या कुणाला पोचवतोस?" मी सरळच विचारलं.

त्यानं नेटची वायर उपटून माझ्या हातात दिली. प्रोग्राम तरीही चालला, पडद्यावर मोर उमटला. माझं समाधान झालं नाही. तो हात धुवायला गेला, तेव्हा पेनड्राइव्ह सापडेल म्हणून मी त्याची पिशवी उघडली. आत नुसते दवाखान्याचे कागद होते. तेवढे मला वाचता आले.

भाचा त्याच वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी वारला. एकतीस वर्षांचा होता.