कीबोर्डचा दोष

बाबांच्या वाचनालयासाठी लेकीने एक साधा प्रोग्रॅम लिहून दिला होता. काळ्या पडद्यावर छोटासा मेनू: एक दाबला की पुस्तक दिलं, दोन दाबला की परत आलं. माउस नको, एंटर नको. बोट टेकलं की काम फत्ते.

मग एकदा बाबांचा फोन आला. "अगं, एक दाबला की दोनदा उमटतोय. मास्तरांच्या नावावर एकच कादंबरी दोनदा चढली. म्हणाले, एवढी काही बरी नाही हो ती!"

ती हसली. "कीबोर्ड जुना झालाय, बाबा. बटणं सैल झाली असतील." आणि घरबसल्या तिने प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली: तेच बटण क्षणार्धात लागोपाठ दाबलं गेलं, तर दुसऱ्यांदाचं धरायचं नाही.

"आता कसं?"

"झकास! लेक असावी तर अशी."

पुढे बाबांच्या मेंदूत गाठ सापडली, तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, "आधी हाताला कंप सुटला असेल. कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"नाही," ती म्हणाली.

बाबा गेल्यावर वाचनालय आवरायला ती एकटीच गेली. त्यांच्या खुर्चीत बसून तिने ती ओळ पुसून टाकली आणि त्याच जुन्या कीबोर्डवरचं एकेक बटण सावकाश दाबून पाहिलं.



प्रत्येक आकडा एकदाच उमटला.