बिनखिळ्याचा कोपरा

हरिबाने फळीवर पुन्हा रंधा फिरवला आणि मघाची वाकडी रेघ छिलक्याबरोबर जमिनीवर गेली. सकाळपासून हेच चाललं होतं. रेघ मारायची, ती वाकडी जायची, की आणा रंधा. अशानं चांगली जाडजूड सागवानी फळी पातळ होत आली, पण हरिबाच्या उजव्या हाताची थरथर काही कमी होईना.

आणि हट्ट तरी केवढा! हत्यारांची पेटी करायची, तीही एक खिळा न मारता. एका फळीच्या टोकाला कबुतराच्या शेपटीसारखे दाते कापायचे, बुडाशी निमुळते नि शेंड्याला पसरट. दुसऱ्या फळीत त्याच मापाच्या खाचा. दोन्ही एकमेकांत गेले की बैल लावून ओढा, कोपरा सुटत नाही. हरिबाने उभ्या जन्मात अशा पेट्या ढिगाने केल्या होत्या. दोन्ही फळ्या वेगवेगळ्या आखायचा, तरी अशा बसायच्या की मध्ये केस शिरणार नाही. त्याचा त्याला मोठा तोरा होता.

पण आज गोष्ट तोऱ्याची नव्हती, तो जिथे काम करत होता त्या दारातल्या शेडची होती. सणसवाडीत ज्याच्या दारात चार पत्रे जास्त, त्याने त्याखाली खोली काढून भाड्याने दिलेली. हरिबाचा मुलगा गोकुळ याच्याही डोक्यात तेच होतं. शेड रिकामी करायची आणि आपल्या कंपनीतल्या एका बिहारकडच्या कामगाराला द्यायची. परवा जेवताना बापलेकांची जुंपली.

"आप्पा, तुमचा हात ऱ्हायला न्हाई आता," गोकुळ म्हणाला. "पेटी ऱ्हाऊ द्या, एक कोपरा बसवून दाखवा. न्हाई बसला तर शेड माझी."

हरिबा ताटावरून उठता उठता "कबूल" म्हणून बसला. आज गुरुवार, कंपनीची आठवड्याची सुट्टी, आणि गोकुळ कोणत्याही क्षणी निकाल बघायला येणार होता.

सून ललिता चहा घेऊन आली तेव्हा हरिबा नव्याने आखत होता. तिच्या डोळ्यांदेखत पेन्सिल घसरली.

"मामा, रेघा मी मारती. कुणाला कळतंय?"

"मला कळंल की. रेघ तुझी आन् कोपरा माझा, असं कुठं असतंय व्हय?"

"मग फळी अजून किती तासणार? पुठ्ठा व्हईल तिचा."

ते मात्र खरं होतं. हरिबाने फळीची कड चिमटीत धरून पाहिली. आता रंध्याला जागाच नव्हती. त्याला स्वतःच्या हाताचा असा संताप आला की तोडून उकिरड्यावर टाकावा. त्याने चहा एका दमात घशाखाली घातला, पेन्सिल कानावर खोचली आणि करवत उचलली. सरळ त्या वाकड्या रेघांवरच घातली.

"अहो मामा!"

"गप बघ."

शेपट्या कापून झाल्या. एक जाड, एक बारीक, एक तर चक्क कलंडलेली. नेमका तेव्हाच गोकुळ दारात उभा राहिला. फळी बघितली आणि त्याला हसू आवरेना.

"आप्पा, ही कबुतरं हायत का भिजलेल्या कोंबड्या?"

हरिबाने त्याच्याकडे बघितलंही नाही. दुसरी फळी शिकंजात उभी आवळली, तिच्या माथ्यावर पहिली आडवी ठेवली आणि सुरीचं टोक एका शेपटीच्या कडेला टेकवून ओढू लागला. हात थरथरतच होता. पण सुरीला भरकटायला वावच नव्हता. भिंत धरून चालणाऱ्या म्हाताऱ्यासारखी ती शेपटीच्या कडेकडेने गेली. जिथे शेपटी कलंडली, तिथे रेघही कलंडली.

गोकुळचं हसू थांबलं. "फळीवर फळी ठिवून आखताय? ह्याच्यापायी तर तुम्ही मला वरडला व्हता. शिकाऊ माणसाचं काम म्हणून."

"तवा हात चालत व्हता," हरिबा सुरीवरची नजर न काढता म्हणाला, "डोकं कशाला चालवू?"

ललिताने पदर तोंडाला लावला.

मग करवत, मग पटाशी. खांद्याचा भार देऊन, रेघेपर्यंत, थोडं थोडं. घाम नाकाच्या शेंड्यावर आला तरी हरिबा पुसेना. गोकुळ 'टेकतो जरा' म्हणून बसला तो उठायचं विसरला. अखेर फळीत फळी धरून हरिबाने लाकडी हातोडा घेतला. हे नाही बसलं तर उद्या इथे कुणाची तरी खाट पडेल. त्याने ठोका घातला. अर्ध्यावर अडलं. फळी काढून त्याने एका खाचेतलं नखाएवढं लाकूड तासलं, पुन्हा लावली, पुन्हा ठोकलं. फळ्या टेकल्या.

गोकुळने कोपरा हातात घेतला. फळी ओढली. मग दुसऱ्या फळीवर पाय देऊन, दातओठ खाऊन ओढली. ती जागची हलली नाही.

"रेघा तर वाकड्याच हायत," तो म्हणाला.

"हायत ना. म्हणून तर दुसऱ्या कुणाच्या फळीत जायच्या न्हाईत."

गोकुळच्या खिशातला फोन वाजला. त्याने नाव बघितलं, बापाकडे बघितलं आणि फोन कानाला लावला.

"हां भैया... नाही, वो रूम नाही मिलेगा." कोपरा त्याने अजून हातातच धरला होता. "अरे खाली किधर है? काम चालू है उधर."