लशीआधीची तहान
शेजारच्या पोल्ट्रीत मानमोडी रोगानं निम्म्या कोंबड्या गेल्या, म्हणून यांनी आमच्या कोंबड्यांना लस पाजायचं ठरवलं. लस पाण्यातून देतात. कोंबड्यांनी झटकन प्यावी म्हणून पहाटेपासून पाण्याचा कॉक बंद होता. भावजी आठला लस आणणार होते. अकरा वाजले तरी त्यांचा पत्ता नव्हता, आणि वीज गेली. पंखे थांबले, पत्रे तापले, कोंबड्या चोची उघडून धापा टाकू लागल्या. "अहो, पाणी सोडा!" "कळ काढ. पोटभर प्यायल्या तर लस कोण पिणार, तू?" "जगल्या तर पितील ना!" एक कोंबडी पंख पसरून आडवी झाली. देवाचं नाव घेऊन मी कॉक उघडला; कोंबड्या पाण्यावर तुटून पडल्या. तेवढ्यात भावजी डबा उंचावत धावत आले, "वहिनी, आणली! बर्फसुद्धा शाबूत!" यांनी कॉक बंद करायला नेलेला हात मागे घेतला. "दादा, आता लस कधी?" "उद्या. उरतील तेवढ्यांना."